डावणीविरुद्ध भव्य निदर्शने

"यंदा आपल्या सभागृहात उभं राहायला जागा मिळणार नाही," असं प्राध्यापक निवृत्ती गायखे यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, तेव्हा बाकीच्या प्राध्यापकांनी घाईघाईने चहाचे कप तोंडाला लावले. हसू लपवायला कपासारखी दुसरी सोय नाही.

त्यांचं हसणं अगदीच गैर नव्हतं. या कॉलेजात दर नोव्हेंबरात विभागीय विज्ञान संशोधन मेळावा भरायचा. आसपासच्या जिल्ह्यांतले संशोधक यायचे, एकमेकांचे निबंध एकमेकांना वाचून दाखवायचे आणि एकमेकांना प्रमाणपत्रं देऊन परत जायचे. इथवर सगळं सुरळीत होतं. पण दुपारी 'विज्ञान जनतेच्या दारी' नावाचं एक सत्र असायचं. सामान्य माणसांना बोलवायचं आणि त्यांच्या रोजच्या जगण्यातलं विज्ञान त्यांना उलगडून दाखवायचं, असा त्याचा उदात्त हेतू. वनस्पतिशास्त्राचे गायखे सर या सत्राचे वर्षानुवर्षं प्रमुख होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. विज्ञान बिचारं जनतेच्या दारी जाऊन उभं राहायचं, जनता काही दार उघडत नसे.

मग सभागृह भरायचं कसं? तर राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आत नेऊन बसवायची, हजेरी शेवटी घेतली जाईल असं सांगायचं आणि शिपाई गोरक्षने दाराला बाहेरून कडी घालायची. पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी साधनाबाई असत. त्यांना कडीची गरज नव्हती. नवऱ्याच्या एकूण एक व्याख्यानाला त्या आपणहून आल्या होत्या आणि कुठल्या वाक्याआधी सर घसा खाकरणार, हेसुद्धा त्यांना पाठ होतं. एका वर्षी एक अनोळखी गृहस्थ मधल्या रांगेत येऊन बसले. सर इतके हरखले, की सगळं व्याख्यान त्यांनी त्या गृहस्थांकडे बघूनच दिलं. शेवटी 'काही शंका?' असं विचारल्यावर ते उठून म्हणाले, "रक्तदान शिबिर इथंच आहे ना?"

सरांना हे सगळं लागायचं. ते कोणाला दाखवत नसत, पण लागायचं. द्राक्षावर पडणाऱ्या डावणी रोगाच्या मागे त्यांनी उभा जन्म घातला होता. छाटणीनंतर दव पडायला लागलं की पानावर तेलकट डाग येतात, पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी धरते आणि बघता बघता अख्खी बाग हातची जाते, ती ही डावणी. दिंडोरीपासून पिंपळगाव बसवंतपर्यंत जिच्या नावाने बागायतदारांची झोप उडते, तिला सर सूक्ष्मदर्शकाखाली धरून पडद्यावर जिवंत दाखवू शकत. ती बघायला खरेखुरे बागायतदार यावेत, सभागृह भरावं आणि दाराला कडी न घालता लोकांनी बसून ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. नोकरी संपत आली होती. नावातच निवृत्ती असल्यामुळे त्यावर स्टाफरूममध्ये रोज एक विनोद व्हायचा, आणि सर रोज तो पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसायचे.

यंदा तर पाणी गळ्याशी आलं होतं. गेल्या वर्षी मूल्यमापन समितीने 'जनसहभाग' या सदरात नुसतं 'यथातथा' लिहिलं होतं. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "गायखे, यंदा जनता दिसली नाही, तर मेळावा जळगावला जाणार आणि तुमचं ते जनतेच्या दारी कायमचं बंद. समितीचे अध्यक्ष डॉ. दवणे स्वतः येतायत. बघा बुवा."

गायखे सर बघायला लागले, आणि तिथेच घोटाळा झाला.

सरांना मराठीचा जाज्वल्य अभिमान होता. नियोजनाच्या बैठकीत रसायनशास्त्राच्या तृप्ती मॅडम म्हणाल्या, "सर, पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'लाइव्ह डेमो' लिहू या. लोक डेमो म्हटलं की येतात. मिक्सरचा असला तरी येतात."

"इंग्रजी नको," सर म्हणाले.

"मग 'प्रात्यक्षिक' लिहा."

"प्रात्यक्षिक बारावीची पोरं करतात, मार्कांसाठी. आपला शास्त्रीय परिभाषेतला शब्द आहे. निदर्शन. तज्ज्ञाने लोकांसमोर प्रयोग करून दाखवणे म्हणजे निदर्शन." सरांनी घसा खाकरला. "आणि आपण एकच प्रयोग थोडाच दाखवणार? म्हणजे अनेकवचन. निदर्शने."

पदार्थविज्ञानाचे सर लंबक आणणार होते. लंबकाच्या झोक्याला शास्त्रीय मराठीत आंदोलन म्हणतात, तेव्हा तेही मजकुरात गेलं. बैठकीत सहाजण होते, सहाही डॉक्टरेट होते, आणि सहांनीही मान डोलावली, कारण पुढचा विषय जेवणाचा होता.

सर स्वतः मजकूर घेऊन फ्लेक्सवाल्या मयूरच्या दुकानात गेले. मयूरने जिल्ह्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि सगळ्या पक्षांचे मोर्चे त्याच एका कॉम्प्युटरवर निभावले होते. त्याने मजकूर वाचला. 'द्राक्ष बागायतदारहो, आता गप्प बसू नका. डावणीविरुद्ध भव्य निदर्शने व आंदोलने. प्रचंड संख्येने सामील व्हा.' त्याने सरांकडे आदराने पाहिलं.

"सर, मूठ कोणती टाकू?"

"मूठ?"

"निदर्शनांच्या डिझाइनला मूठ लागतेच. लाल का पिवळी?"

सरांना वाटलं, यातही काही संकेत असेल. कलाकाराच्या कामात ढवळाढवळ करू नये. ते म्हणाले, "कुठलीही चालेल. पण मुठीत द्राक्षाचा घड दाखवा."

मयूरने दाखवला. वळलेल्या मुठीतून द्राक्षांचा रस ठिबकत होता, मागे ज्वाळा होत्या आणि खाली 'निमंत्रक : प्रा. निवृत्ती गायखे' असं लिहून सरांचा ओळखपत्रावरचा फोटो लावला होता. त्या फोटोत सर मुळातच कोणावर तरी चिडल्यासारखे दिसत. एक फ्लेक्स दिंडोरी नाक्यावर लागला, एक पिंपळगावच्या बाजारात, आणि त्यांचे फोटो संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक बागायतदाराच्या मोबाइलवर जाऊन पोचले.

दोन दिवसांनी सरांना फोन आला. पलीकडे पोलीस ठाण्याच्या उपनिरीक्षक मीना ठोंबरे होत्या. मॅडम वाशिमकडच्या. नाशिकला बदलून आल्याला थोडेच दिवस झाले होते आणि द्राक्षाशी त्यांचा संबंध फक्त खाण्यापुरता होता.

"गायखे तुम्हीच का? निदर्शनं तुमची आहेत?"

"माझीच," सर अभिमानाने म्हणाले. पोलिसांपर्यंत विज्ञान पोचलं, म्हणजे कमालच झाली.

"करणारे किती जण?"

"करणारे आम्ही सहा. पण लोक किती येतील सांगता येत नाही."

"रस्ता अडवणार का?"

"अडला तर मला आनंदच होईल हो, मॅडम. माझ्या आयुष्यात अजून एकदाही अडलेला नाही."

"शांततेत होईल ना पण?"

"अगदी. उद्घाटनाला फक्त एक स्फोट आहे. पण लहानसा."

"स्फोट कोण करणार?"

"आमच्या तृप्ती मॅडम. दर वर्षी करतात. हात बसलाय त्यांचा."

"आणि हा डावणी कोण आहे?"

"त्याला नाशिक जिल्ह्यात कोण ओळखत नाही, मॅडम? शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा वैरी. दव पडलं की येतो, पानाखाली लपून बसतो. यंदा त्याला आम्ही सगळ्यांच्या समोर उघडा पाडणार."

ठोंबरे मॅडमनी फोन ठेवला आणि जादा कुमक मागवली. इकडे सरांनी घरी जाऊन साधनाबाईंना सांगितलं, "पोलीससुद्धा येतायत ऐकायला. बाईंनी किती बारकाईने चौकशी केली."

मेळाव्याच्या दिवशी दुपारी सर फाटकाशी जाऊन उभे राहिले, आणि गंगापूर रोडकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. रस्ता अडला होता. ट्रॅक्टर होते, पिकअप होत्या, त्यांत दाटीवाटीने बसलेले बागायतदार होते, डोक्यावर पदर आणि हातात काळे झेंडे घेतलेल्या बाया होत्या. काळा रंग का, असा प्रश्न सरांना पडला होता. मग त्यांनी स्वतःशीच ठरवलं, की उन्हासाठी असेल. आघाडीला दिंडोरीचे खंडेराव होते. खंडेरावांची स्वतःची बाग होती आणि संघर्ष समितीही होती. ज्या हंगामात बागेत काही लागत नसे, त्या हंगामात समितीत लागे.

खंडेरावांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर, आजवर आमच्यासाठी पुढारी उभे राह्यले, पन परोफेसर कोनी उभा राह्यला नव्हता. तुमचं लय मोठं मन हाय."

"तुम्ही आलात हेच खूप झालं," सर म्हणाले. "पण हे काय आणलंय?"

ट्रॉलीतून चौघांनी एक पुतळा उतरवला. निदर्शनं म्हटली की पुतळा आलाच, पण रोगाचा पुतळा करायचा कसा, यावर गावात बरीच चर्चा झाली होती. शेवटी जुन्या शर्ट-पँटीत पेंढा भरला होता, बुरशी दिसावी म्हणून डोक्यापासून पायापर्यंत चुना फासला होता आणि गळ्यात डावणी पडलेल्या पानांचा भरगच्च हार घातला होता.

"डावणी हाय हे," खंडेराव म्हणाले.

"वा, प्रतिकृती," सर म्हणाले. लोकांचा इतका सर्जनशील सहभाग त्यांनी स्वप्नातही पाहिला नव्हता.

"डावणी, मुर्दाबाद!" कोणीतरी आरोळी ठोकली. "मुर्दाबाद!" रस्त्याने उत्तर दिलं. "चले जाव, चले जाव!" "डावणी, चले जाव!"

नेमकी त्याच वेळी डॉ. दवणे यांची गाडी फाटकाशी आली. समितीचे बाकीचे सदस्य मूल्यमापनाआधी त्र्यंबकेश्वराचं दर्शन उरकून येणार होते. दवणेंना गुडघ्यांमुळे रांगेत उभं राहवत नसे, म्हणून ते एकटेच आले. वय झालेलं, केस पांढरेशुभ्र, मिशा पांढऱ्या, अंगात पांढरा सफारी. त्यांनी काच खाली केली आणि ऐकलं. मग त्यांची नजर त्या पांढऱ्या पुतळ्यावर गेली.

"गायखे," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "मी यथातथा लिहिलं ते मला मान्य आहे. पण त्यासाठी एवढं?"

"तुम्हाला नाही हो, सर. ते डावणीला."

"दवणे मीच ना?"

ठोंबरे मॅडम एवढ्यात तिथे येऊन पोचल्या. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, गाडीतल्या गृहस्थांकडे पाहिलं, आणि फोनवर ऐकलेलं सगळं त्यांच्या डोक्यात जुळलं. "डावणी साहेब तुम्हीच का?"

"हो, दवणे," साहेब म्हणाले. त्यांना कमी ऐकू यायचं.

"लवकर आमच्या गाडीत चला. तुमच्या जिवाला धोका आहे."

दोन हवालदारांनी डॉ. दवणेंना अलगद उचलून पोलिसांच्या जाळीच्या गाडीत बसवलं. सर मागे धावत ओरडत होते, "मॅडम, डावणी म्हणजे बुरशी. बुरशी!"

"तुमचं त्यांच्याविषयीचं मत मला कळलंय," ठोंबरे मॅडम म्हणाल्या. "पण जबाबदार माणसाने सरकारी पाहुण्याला असं बोलू नये."

लोकांनी एका म्हाताऱ्याला पोलीस उचलून नेताना पाहिलं. खंडेरावांनी विचारलं, "कोन हाय ते?" गर्दीतून कोणीतरी सांगितलं, विज्ञानाचे मोठे साहेब आहेत, पुण्याहून आलेत. मग काय विचारता. आपल्यासाठी पुण्याचा शास्त्रज्ञ अटक झाला, ही बातमी ट्रॅक्टरांवरून शेवटपर्यंत गेली आणि उलट घोषणा सुरू झाली, "साहेब, तुम आगे बढो!" एका बाईने जाळीतून हात घालून त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ अडकवली. डॉ. दवणे माळेकडे बघतच राहिले. आयुष्यभर त्यांनी नाना समित्यांवर काम केलं होतं, पण माळ घालणारं कोणी भेटलं नव्हतं.

कॉलेजच्या पोर्चमध्ये तृप्ती मॅडम हायड्रोजनचा फुगा बांधून केव्हाच्या तयार होत्या. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त गलका ऐकू येत होता. दर वर्षी उद्घाटनाला टाळ्यासुद्धा वाजत नाहीत. यंदा इतका जल्लोष चाललाय म्हणजे उद्घाटन झालं, असं समजून त्यांनी काठीला लावलेली मेणबत्ती फुग्याजवळ नेली.

फुगा फुटल्याचा आवाज गंगापूर रोडवरून थेट गोदावरीच्या पात्रापर्यंत गेला म्हणतात.

"सगळ्यांना ताब्यात घ्या," ठोंबरे मॅडमनी हुकूम दिला.

यावर सगळ्यात जास्त समाधान झालं ते खंडेरावांचं. निदर्शनं म्हटली की शेवटी ताब्यात घेणं आलंच. त्याशिवाय पेपरात फोटो येत नाही. पोलिसांनी ताब्यात घ्यायचं, कुठल्यातरी हॉलमध्ये बसवायचं, संध्याकाळी वडापाव द्यायचा आणि सोडून द्यायचं, हा दोन्हीकडच्या मंडळींच्या अंगवळणी पडलेला रिवाज होता.

"चला रे, रांगेत चला," खंडेरावांनी आपल्या माणसांना सांगितलं. मग ते ठोंबरे मॅडमकडे वळले. "मॅडम, तुमी नव्या हायेत म्हनून सांगतो. मागल्या खेपेला वडा लय गार व्हता."

"यंदा गरम आणू," मॅडम म्हणाल्या. "पण बसवू कुठे?"

हा मोठाच पेच होता. तुळशीची लग्नं उरकली होती. नाशिकातली सगळी मंगल कार्यालयं आणि लॉन्स भरलेली होती, आणि पोलिसांच्या स्वतःच्या हॉलमध्ये कसलंसं प्रशिक्षण चालू होतं. ठोंबरे मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. समोर कॉलेजचं सभागृह होतं. दारं सताड उघडी, पंखे चालू, खुर्च्या मांडलेल्या, आत एक चिटपाखरू नाही.

"हे कोणाच्या वापरात आहे?"

प्राचार्य घामाघूम झाले होते, पण अक्कल ठिकाणावर होती. "नाही, कोणाच्याच नाही," ते म्हणाले. "अवश्य बसवा."

आणि अशा रीतीने 'विज्ञान जनतेच्या दारी' या सत्राला इतिहासात पहिल्यांदा जनता लाभली. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, मागे भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. जाळीच्या गाडीवर ज्या हवालदाराला ठेवलं होतं, त्याला कोण पाहुणा आणि कोण आंदोलक हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने माळ घातलेल्या डॉ. दवणेंना पुढारी समजून पहिल्या रांगेत खंडेरावांच्या शेजारी आणून बसवलं. गोरक्ष सवयीने कडी घालायला गेला, तेव्हा दारावरच्या हवालदाराने त्याचा हात धरला. "काका, कडी राहू द्या. आज आम्ही आहोत."

साधनाबाई धापा टाकत आल्या, त्या नेमक्या याच वेळी.

"ताब्यातल्या का?" हवालदाराने विचारलं.

"नाही. व्याख्यान देतायत ना, त्यांची बायको."

"मग बाहेर थांबा. आत फक्त ताब्यातल्यांना सोडायचंय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा साधनाबाईंचं व्याख्यान चुकलं. त्या व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या आणि दाराच्या फटीतून दिसेल तेवढं बघू लागल्या.

आत गायखे सर व्यासपीठावर उभे होते. समोर गच्च भरलेलं सभागृह. त्यांना हवं होतं ते हेच. त्यांनी घसा खाकरला. "उपस्थित बंधू-भगिनींनो, आपण स्वेच्छेने," ते बोलून गेले आणि थांबले. दारावरच्या हवालदाराने खाली बघितलं. "आपण एवढ्या मोठ्या संख्येने आलात, त्याबद्दल आभारी आहे. आज आपण डावणीच्या चलबीजाणूंचे उत्सर्जन अवलोकिणार आहोत."

सभागृहातून कुठूनतरी जांभईचा आवाज आला. एकाने चप्पल काढून पाय वर घेतले. पहिल्या रांगेतल्या डॉ. दवणेंनी सवयीने डोळे मिटले.

सरांना हे सगळं ओळखीचं होतं. कडी लावलेल्या पोरांचे चेहरे असेच असायचे. आता पुढची सगळी वाक्यं त्यांना पाठ होती आणि ती सगळी अशीच होती. मग त्यांची नजर दाराशी उभ्या करून ठेवलेल्या पुतळ्यावर पडली. ते खाली उतरले, पुतळ्याच्या गळ्यातल्या हारातून एक पान खुडलं, त्याच्या पाठीवरचा पांढरा भाग थेंबभर पाण्यात झटकला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि दिवे घालवले.

"हे खंडेरावांच्या बागेतलं पान आहे," ते म्हणाले. "आता जरा दम धरा."

पडद्यावर लिंबाएवढ्या गोल पिशव्या दिसू लागल्या. बराच वेळ काही झालं नाही. सरांना घाम फुटला. दुपार टळत चालली तरी ते 'दम धरा' एवढंच म्हणत राहिले, आणि लोक धरून राहिले, कारण दुसरा इलाज नव्हता. मग एक पिशवी टोकाशी फाटली आणि आतून इवलेइवले ठिपके बाहेर पडून पाण्यात सुसाट फिरायला लागले.

"आयला," अंधारात खंडेराव म्हणाले. "पव्हतंय हे."

"पोहतंय," सर म्हणाले. चलबीजाणू हा शब्द त्यांच्या डोक्यातूनच गेला. "पानावर दव पडलं, की तेवढ्या ओलीत हे असं पोहतं. पोहत पोहत पानाचं भोक शोधतं आणि आत घुसतं. एकदा आत गेलं, की वरून औषध मारून उपयोग नाही."

"म्हंजे आम्ही डाग दिसल्यावर मारतो, ते..." कोणीतरी मागून म्हणालं.

"चोर घरात शिरल्यावर फाटकाला कुलूप."

खुर्च्या पुढे सरकल्याचा आवाज आला. वर घेतलेले पाय खाली आले. कोणी विचारत होतं, आमच्याकडं धुकं जास्त असतं त्याचं काय. कोणी विचारत होतं, पाऊस भुरभुरला तर पुन्हा मारायचं का. डॉ. दवणेंचे डोळे उघडे होते. सर पडद्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून बोलत होते आणि त्यांना स्वतःचा आवाज अनोळखी वाटत होता. इतकी वर्षं ते कागदावरच्या भाषेत बोलत आले होते. आज पहिल्यांदा पानाविषयी बोलत होते.

"आता मुद्द्याचं सांगतो," ते म्हणाले. "औषध मारायचं नेमकं कधी, ते बघा."

आणि दार सताड उघडलं. उजेडात ठोंबरे मॅडम उभ्या होत्या. "चला, सगळ्यांना सोडलेलं आहे. घरी जा."

सरांच्या हातातली काडी तशीच पडद्यावर राहिली. मागच्या रांगा उठल्या. खुर्च्या वाजल्या, चपला शोधल्या गेल्या, भिंतीला टेकलेली माणसं तर आधीच बाहेर पडली. सर वळले नाहीत. वळून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद करायला त्यांनी हात पुढे केला.

"मॅडम," खंडेरावांचा आवाज आला, "आमाला अजून थोडा वेळ ताब्यात ठेवा की. औषध कधी मारायचं ते राह्यलं."

"तुम्ही सुटलात," मॅडम म्हणाल्या. "आता माझ्याच्याने ठेवता येत नाही. बसायचं तर आपल्या जबाबदारीवर बसा."

सरांनी वळून पाहिलं. पुढच्या तीन रांगा भरलेल्या होत्या. दार उघडं होतं, हवालदार बाजूला झाला होता, रस्ता मोकळा होता आणि माणसं बसून होती. या वेळी घसा खाकरायचंही सरांच्या लक्षात राहिलं नाही. बाहेर दिवस मावळला, आत पुन्हा अंधार झाला आणि ते पडद्याकडे वळून सांगत राहिले.

समितीचा शेरा महिन्याभराने आला. 'जनसहभाग अभूतपूर्व. श्रोते अखेरपर्यंत जागचे हलले नाहीत. पोलीस खात्याचे सहकार्य घेण्याची ही पद्धत इतर जिल्ह्यांनीही अवलंबावी.' मेळावा नाशिकलाच राहिला. जळगावच्या मंडळींनी प्राचार्यांना फोन करून विचारलं, अर्ज नेमका कोणत्या कलमाखाली करायचा. ठोंबरे मॅडमना गैरसमजाबद्दल वरून बोलणी बसायची होती, ती या शेऱ्यामुळे टळली. तृप्ती मॅडमचा फुगा मात्र कायमचा बंद झाला.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सर साधनाबाईंना स्कूटरवर मागे बसवून घरी निघाले, ते वाटभर एकच वाक्य बोलत होते. "दार उघडं होतं गं. सताड उघडं. पाहिलंस ना तू?"

"पाहिलं ना," साधनाबाई म्हणाल्या. "मी दारातच तर बसले होते."

दारातच बसल्यामुळे त्यांनी आणखीही एक गोष्ट पाहिली होती. ठोंबरे मॅडम यायच्या जरा आधी, दोन हवालदार गरमागरम वड्यांचं पातेलं घेऊन आले होते आणि त्यांनी ते दाराच्या आतल्या अंगाला, पुढच्या तीन रांगांच्या अगदी नाकासमोर ठेवलं होतं. मागच्या रांगांना ते दिसलं नव्हतं. सर पुन्हा पडद्याकडे वळल्यावर अंधारात ते पातेलं तिन्ही रांगांमधून फिरलं होतं. साधनाबाईंनी हे सरांना त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढेही सांगायचं नाही, असं ठरवून टाकलं. तुम्ही गंगापूर रोडला कधी गायखे सरांना भेटलात, तर तुम्हीही वड्याचा विषय काढू नका.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी घरी पोचल्यावर, चहाचा कप पुढे ठेवता ठेवता, वड्याचं नाव न घेता कशी सांगावी याचा बराच विचार केला, आणि ती जमली नाही म्हणून तीही राहून गेली. दिवे लागल्यावर खंडेराव बाहेर आले होते, तेव्हा त्यांच्या हातातल्या वड्याला दातसुद्धा लागला नव्हता. तेवढा वेळ ते तो हातात धरून पडद्याकडे बघत बसले होते. दारात उभं राहून त्यांनी पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ठोंबरे मॅडमना सुनावलं, "यंदाबी गारच हाय की ओ."